मिरचीच्या हंगामात भांडवल कोठून उभे करावे?

प्रश्न (कळंबा, कोल्हापूर)
गेली सहा वर्षे मी घरीच कांदा-लसूण चटणी करून विकते. आता शहरातील काही किराणा दुकाने आणि पुण्या-मुंबईस स्थायिक झालेली कोल्हापुरी कुटुंबे माल मागवतात. अन्नसुरक्षा नोंदणी आणि उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) दोन्ही केल्या आहेत. अडचण अशी की ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची उन्हाळ्यात, चांगली वाळलेली असतानाच वर्षभराची घेऊन ठेवावी लागते आणि नेमका त्याच वेळी हातात पैसा नसतो. कारण दुकानदार "पुढच्या महिन्यात बघू" म्हणतात आणि तो पुढचा महिना दिवाळीपर्यंत लांबतो. एका बँकेत गेले, तर साहेबांनी माझ्याशी न बोलता सोबतच्या यजमानांना विचारले, "घर कोणाच्या नावावर आहे?" घर सासऱ्यांच्या नावावर आहे. यंत्रासाठी अनुदान मिळते असे सगळे सांगतात, पण मिरची कुटून देणारा डंक गल्लीतच आहे, त्यामुळे यंत्र नको. मला मिरचीसाठी पैसे हवे आहेत. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (निवृत्त बँक कर्मचारी, राजारामपुरी)
ताई, बँकेतल्या साहेबांचा तो प्रश्न मुळातच चुकीचा होता. सूक्ष्म व लघु उद्योगांच्या १० लाख रुपयांपर्यंतच्या कर्जास तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा बँकांना आदेश आहे. २०१५ पासूनच्या मुद्रा योजनेत केवळ खेळत्या भांडवलासाठीही कर्ज मिळते. मुदत कर्जाऐवजी कॅश क्रेडिटची मर्यादा मागा, म्हणजे मार्चमध्ये उचललेली रक्कम माल विकला जाईल तशी भरता येते आणि वापरलेल्या रकमेवरच व्याज लागते. मात्र विक्रीचे पैसे आपल्या स्वतःच्या खात्यावर आलेले हवेत. यजमानांच्या खात्यातील जमा दाखवून आपली उलाढाल सिद्ध करणे अवघड जाते.

आपण ऐकलेले अनुदान बहुधा २०२० साली सुरू झालेल्या सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेचे असावे. ते प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये असते; परंतु ते हातात पडत नाही, कर्जखाते तीन वर्षे नियमित राहिल्यावर त्यात वळते होते. उधारीबाबत २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार, लेखी करार असला तरी आपल्यासारख्या नोंदणीकृत उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे.

उत्तर २ (मसाला उत्पादक, गडहिंग्लज)
वरील कायदा खरा आहे, पण गल्लीतल्या दुकानदाराविरुद्ध तक्रार करणाऱ्या बाईचा माल दुसऱ्याच दिवशी फळीवरून खाली उतरतो, हे मी स्वतः भोगले आहे. म्हणून मी दुकानांचा वाटा कमी केला. आपल्याकडे घरोघरी वर्षाची चटणी उन्हाळ्यातच करतात; तेव्हा फेब्रुवारीतच घरगुती गिऱ्हाइकांकडून किलोवर नोंदणी घ्यावी आणि निम्मी रक्कम आगाऊ मागावी. ओळखीची माणसे विश्वासाने देतात, आणि मिरचीचा पहिला हप्ता त्यातूनच निघतो.

आणखी एक सांगते, कारण भांडवल असेही बुडते. एका वर्षी घाईत कांदा नीट न वाळवता, तळून लगेच मसाल्यात घातला. डब्यात भरताना चटणी लालभडक दिसत होती. श्रावणात झाकण उघडले तर कडेने पांढरी बुरशी आणि मध्ये गोळे. कांदा बोटांत चुरला की कुरकुरीत मोडला पाहिजे, तोवर तो डंकावर नेऊ नये. आपल्या पावसात एवढी ओलदेखील माल घालवते.

उत्तर ३ (बचत गट कार्यकर्ती, कागल)
आपण बचत गटात असाल, तर वर सांगितलेल्या सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेतच अन्नप्रक्रिया करणाऱ्या सदस्येमागे ४०,००० रुपयांपर्यंत बीजभांडवल आहे, आणि ते खेळत्या भांडवलासाठी व लहान अवजारांसाठीच आहे. 'उमेद'च्या (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या) तालुका कार्यालयात चौकशी करावी. मात्र गटात कर्ज घेऊन ते घरच्या दुसऱ्या कामाला वळवले जाते, असे मी वारंवार पाहिले आहे, आणि फेडताना बाई एकटी उरते. रक्कम मिरचीसाठी आली असेल, तर ती मिरचीलाच गेली पाहिजे, हे घरात आधी बसून ठरवावे.

प्रश्नकर्ती
सर्वांचे मनापासून आभार. दुकानांची बिले आजवर यजमानांच्याच खात्यावर जमा होत होती, कारण फोनवरून पैसे स्वीकारण्याची सोय त्यांच्याकडे होती. उद्या माझ्या खात्याचा क्यूआर कोड घेऊन येते. फेब्रुवारीच्या नोंदणीसाठी वहीही घातली आहे; पहिले नाव शेजारच्या काकूंनी लिहवले, पाच किलो.