मदत हवी आहे: राष्ट्रपती आजारपणामुळे काम करू शकत नाहीत, हे ठरवतं कोण?

मंडळी, मी सोलापुरात नववी-दहावीला इतिहास-राज्यशास्त्र शिकवते. परवा राष्ट्रपतिपदाचा भाग शिकवून झाल्यावर एका मुलीने विचारलं, "बाई, आमच्या आजोबांना अर्धांगवायू झाला तेव्हा पेन्शनच्या कागदांवर सही कोणी करायची यावरून घरात महिनाभर अडलं होतं. राष्ट्रपतींना तसं झालं तर?" मी म्हटलं, उपराष्ट्रपती काम बघतात. तर म्हणते, "पण राष्ट्रपतींना आता जमणार नाही, हे ठरवणार कोण?"

मला उत्तर देता आलं नाही. सोमवारी सांगते असा शब्द दिलाय.

पद रिकामं झालं तर काय, ते पक्कं माहीत आहे. उपराष्ट्रपती कारभार पाहतात, सहा महिन्यांच्या आत निवडणूक होते आणि नव्या राष्ट्रपतींना पुरी पाच वर्षं मिळतात. ११ फेब्रुवारी १९७७ ला राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद गेले, तेव्हा उपराष्ट्रपती बी. डी. जत्तींनी २५ जुलैपर्यंत कारभार पाहिला. (जत्ती जमखंडीकडचे, म्हणजे विजापूरच्या पलीकडचेच. हे सांगितलं की वर्गातली कानडी घरची पोरं ताठ बसतात.) १९६९ मध्ये राष्ट्रपती झाकिर हुसेन गेले, पुढे कारभार पाहणाऱ्या उपराष्ट्रपती गिरींनीही राजीनामा दिला, तेव्हा सरन्यायाधीश हिदायतुल्ला आले.

पण माणूस हयात आहे आणि शुद्धीवर नाही, तर? कलम ६५(२) मध्ये 'अनुपस्थिती, आजार किंवा अन्य कारण' एवढंच आहे. ठरवणाऱ्याचं नाव कुठे आहे? कृपया कलमासकट सांगा.

होटगीरोडकर: बाई, तुमचं काही वाचायचं राहिलेलं नाही. ते घटनेत लिहिलेलंच नाही. कलम ७० ने अनपेक्षित प्रसंगांची तरतूद करायचा अधिकार संसदेला दिलाय. त्यावरून १९६९ चा कायदा झाला, पण तो राष्ट्रपती आणि उपराष्ट्रपती ही दोन्ही पदं रिकामी असतील तेव्हाचा: आधी सरन्यायाधीश, ते नसतील तर सर्वोच्च न्यायालयाचे सर्वांत ज्येष्ठ न्यायाधीश. महाभियोगही लागू होत नाही, तो फक्त घटनाभंगासाठी. १९६१ मध्ये राजेंद्रप्रसाद बरेच महिने आजारी होते, तेव्हा उपराष्ट्रपती राधाकृष्णन यांनी काम सांभाळलं आणि राजेंद्रप्रसाद बरे होऊन परतले. अमेरिकेत मात्र १९६७ च्या पंचविसाव्या दुरुस्तीत हे स्पष्ट आहे: उपाध्यक्ष आणि मंत्रिमंडळाचं बहुमत यांनी तसं लेखी कळवायचं. अध्यक्षांनी हरकत घेतली तर निकाल काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, देते, त्यालाही दोन तृतीयांश मतं लागतात.

धागाकर्ती: मनापासून आभार. म्हणजे तिला जी जागा रिकामी दिसली ती खरोखरच रिकामी आहे, हे तिला सगळ्या वर्गासमोर सांगणार. आता एकच: या त्रुटीवर संविधान सभेत किंवा नंतर संसदेत चर्चा झाली असेल तर ती कुठे वाचायला मिळेल? मराठीत असेल तर फार बरं, मुलांना वाचून दाखवता येईल.