औषधाचा त्रास कळवणं डॉक्टरांवर सक्तीचं करावं का?

औषधमात्रा
नव्या औषधाची माणसांवर चाचणी चालू असताना कुणाला गंभीर त्रास झाला, तर २०१९ च्या नियमांनुसार मुख्य संशोधकाने २४ तासांच्या आत औषध नियंत्रक, प्रायोजक कंपनी आणि नीतिमत्ता समिती या तिघांना कळवायचं असतं. तेच औषध बाजारात आलं की लिहून देणाऱ्या डॉक्टरवर असं बंधन नाही. कंपनीवर आहे, पण तिला कळलं तर ना!

आणि चाचणीत माणसं असतात किती? ३००० जणांत एकालाही त्रास झाला नाही, तरी हजारात एकाला होण्याची शक्यता उरतेच. दहा हजारांत एकाला होणारी गोष्ट बाजारातच दिसणार. मेफेनॅमिक ॲसिड घ्या. पाळीच्या दुखण्यावर वर्षानुवर्षं घेतली जाणारी गोळी, आणि ‘ड्रेस’ सिंड्रोमबद्दल (औषधामुळे होणारी, अंगभर पसरणारी गंभीर ॲलर्जी) गाझियाबादच्या फार्माकोपिया आयोगाचा, म्हणजे औषधांच्या त्रासाचे अहवाल गोळा करणाऱ्या सरकारी संस्थेचा, इशारा आला नोव्हेंबर २०२३ मध्ये. सक्ती हवीच.

वॉर्डफेरी
असहमत. उदाहरण तुम्हीच दिलंत, तेच बघू. ‘ड्रेस’ दिसतो औषध सुरू केल्यावर साधारण २ ते ८ आठवड्यांनी. ताप, पुरळ, चेहऱ्यावर सूज, गाठी, रक्ततपासणीत इओसिनोफिल (ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) आणि एसजीपीटी (यकृताला इजा दाखवणारा आकडा) वाढलेले. पाळीची गोळी तोवर कधीच थांबलेली, आणि ती ‘औषध’ म्हणून रुग्ण सांगतही नाही. केसपेपरवर ‘व्हायरल’ लिहिलं जातं. जे ओळखलंच नाही, ते कुठल्या कायद्याने कळवणार? स्वीडनमध्ये गंभीर त्रास कळवणं बंधनकारक आहे. तिथेही बरेच अहवाल येतच नाहीत.

आकडेमोड
सक्तीचा आणखी एक तोटा. हे अहवाल किती जणांना त्रास झाला ते सांगत नाहीत, कारण औषध किती जणांनी घेतलं ते त्यात नसतं. एखादा त्रास या औषधाच्या अहवालांत इतर औषधांपेक्षा जास्त प्रमाणात आहे का, एवढंच बघता येतं. १०० अहवालांत ‘ड्रेस’चे ५ असतील तर ते ५ टक्के. सक्तीच्या धाकाने त्याच गोळीचे मळमळीचे ४०० अहवाल आले की उरला १ टक्का. इशारा गाळात गेला.

औषधमात्रा
मान्य, पण मग सक्ती गंभीर त्रासापुरती ठेवा. व्याख्या तयार आहे : मृत्यू, जिवाला धोका, दवाखान्यात भरती किंवा मुक्काम लांबणं, अपंगत्व, जन्मजात व्यंग. मळमळ यात कुठे बसते?

कडूकाढा
डॉक्टरांवरून भांडताय, आणि अहवाल निकामी होतो तो औषधाच्या दुकानात! दहाची स्ट्रिप कापून चार गोळ्या दिल्या की बॅच नंबर छापलेलं टोक दुकानातच राहतं. मग दोष औषधाचा की त्या एका बॅचचा, हे कसं शोधणार? वर डॉक्टरने लिहिला एक ब्रँड, मिळाला दुसरा.

अहवाल ग्राह्य धरायला चारच गोष्टी लागतात : ओळखता येईल असा रुग्ण (आद्याक्षरं चालतात), कळवणारा, संशयित औषध आणि झालेला त्रास. खात्री लागत नाही, संशय पुरतो. अहवाल म्हणजे चुकीची कबुली नव्हे, असं अहवालाच्या फॉर्मवरच छापलेलं आहे. रुग्णालाही कळवता येतं, १८००-१८०-३०२४ या टोल फ्री क्रमांकावर. फोन करण्यापूर्वी गोळी सुरू केल्याची, त्रास सुरू झाल्याची आणि गोळी थांबवल्याची तारीख लिहून ठेवा. या तीन तारखांशिवाय त्रास त्या गोळीनेच झाला का, हे नीट ठरवता येत नाही.

वॉर्डफेरी
तारखांबद्दल शंभर टक्के सहमत. फक्त खात्रीसाठी ‘पुन्हा गोळी देऊन बघू’ असं कुणी म्हटलं, तर ‘ड्रेस’मध्ये ते जिवावर बेतू शकतं. त्यामुळे ती खात्री होत नाही, आणि औषधाशी संबंध किती पक्का याच्या श्रेणीत असे अहवाल बहुधा ‘निश्चित’पर्यंत पोचत नाहीत, ‘संभाव्य’वरच थांबतात. ते तसेच पाठवायचे.

औषधमात्रा
पाठवायचे म्हणताय, पण पाठवणार कोण? राउंड संपल्यावर निवासी डॉक्टर? सक्ती नको असेल तर प्रत्येक मोठ्या रुग्णालयात या कामाला पगारी फार्मासिस्ट तरी ठेवा.