कोजागिरी यंदा गच्चीवर नाही, मागच्या मैदानावर

सोमवार

सचिव, ए-२०४: नमस्कार मंडळी. कोजागिरी येत्या रविवारी आहे. गच्च्यांवर वॉटरप्रूफिंगचं काम चालू असल्याने यंदा एकही गच्ची मिळणार नाही. मागच्या मैदानावर करायची का? दरवर्षी प्रत्येक विंग आपापल्या गच्चीवर दूध पिते, मैदानावर तिन्ही विंग एकत्र बसतील. होकार-नकार आजच कळवा. दूध आधी सांगून ठेवावं लागतं.

बी-३०२: मस्त! माझा होकार. क्लबहाऊसचे दोन स्पीकर आणि माइक मी बघतो. बारापर्यंत कराओके, मग दूध.

ए-३०३, खजिनदार: होकार.

सी-४०३: होकार. दुधाची जबाबदारी माझी.

सी-१०१: मैदान माझ्या बेडरूमच्या खिडकीला लागून आहे. आईचं ऑपरेशन नुकतंच झालंय, ती औषध घेऊन साडेनऊला झोपते. कार्यक्रमाला माझा विरोध नाही, मलाही यायचंय. पण बारापर्यंत स्पीकर असेल तर आईला त्या रात्री बहिणीकडे न्यावं लागेल.

ए-५०१: ताई, आईंना कुठेही न्यायचं नाही. कार्यक्रम सोसायटीचा आहे आणि त्याही याच सोसायटीत राहतात.

नियमही आपल्याला बारापर्यंत वाजवू देत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. सणासुदीला बारापर्यंत सवलत देता येते, पण वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस, आणि ते दिवस सरकार ठरवतं. आपला दिवस त्यात आहे असं धरून चालू नये. दहाच्या आत वाजवायचं तरी लेखी परवानगी लागते. पोलीस ठाण्यात अर्ज घेऊन मी उद्या सकाळी जातो.

माझी सूचना अशी: पावणेदहाला माइक बंद. दहाला मैदानातले मोठे दिवे बंद, फक्त पायवाटेचे चालू. मग दूध. कोजागिरीला आपण चंद्रासाठी बाहेर येतो. हॅलोजनच्या उजेडात आणि स्पीकरच्या आवाजात बसायचं तर मैदानावर कशाला यायचं? ज्यांना जागायचंय त्यांनी चटया टाकून खुशाल बारापर्यंत गप्पा माराव्यात. मीही बसणार आहे.

बी-३०२: काका, पटलं. मग गाणी सव्वाआठ ते पावणेदहा. स्पीकरची तोंडं सी विंगकडे नको, कंपाउंडच्या भिंतीकडेही नको, तिथून आवाज परत येतो. बी विंगच्या पार्किंगच्या दिशेने लावतो. ताई, शनिवारी संध्याकाळी पाच मिनिटं वाजवून बघतो, तुम्ही आईंच्या खोलीत बसून सांगा किती येतो ते.

सी-१०१: खूप बरं वाटलं. तुम्हा दोघांचे मनापासून आभार. मी भेळेच्या कामाला येईन.

मंगळवार

सी-४०३: दुधाचा हिशोब देते, म्हणजे नंतर कुणाची धावपळ नको. ८४ घरं, काही जण गावाला, वॉचमन आणि सफाईच्या मावश्या कुटुंबासह, असे २०० धरले. ४० लिटर म्हशीचं दूध. आटून ३४ लिटर राहील, म्हणजे माणशी साधारण १७० मिली. एक पेला पोटभर होतो. ४० लिटरमधलं ५ लिटर बिनसाखरेचं वेगळ्या पातेल्यात, मधुमेहवाल्यांसाठी. उरलेल्या ३५ लिटरला सव्वातीन किलो साखर पुरे. दरवर्षी कुणीतरी "जरा गोड हवं होतं" म्हणतं, त्यांच्यासाठी पिठीसाखरेची वाटी बाजूला ठेवू. गोड झालेलं दूध मागे नेता येत नाही.

दोन पातेली, जाड बुडाची, प्रत्येकी ३० लिटरची. दूध ओतायच्या आधी तळाला तांब्याभर पाणी घालायचं, म्हणजे लगेच लागत नाही. तरी ढवळणं थांबवायचं नाही. जोडीजोडीने वीस-वीस मिनिटं मोठ्या झाऱ्याने, अगदी तळ खरवडत. एकदा का करपट वास लागला की केशर घालून जात नाही. बदाम-पिस्ते-काजूची पूड, चारोळी आणि वेलची दूध उतरवायच्या पाच मिनिटं आधी. जायफळ बेताचं.

आणखी एक. उघड्यावर दिव्याभोवती पाखरं येतात आणि थेट पातेल्यात पडतात. म्हणून भट्टीवर वरून दिवा नको, बाजूला लांब हवा. दूध उतरलं की लगेच मलमलचं फडकं घट्ट बांधायचं. फडकी माझ्याकडे आहेत.

बी-१०५: काकू, आमच्या मुलाला काजू-पिस्त्यांची ॲलर्जी आहे. तो नुसता बसेल, त्याच्यासाठी वेगळं काही नको.

सी-४०३: असं कसं? मसाला घालायच्या आधी दोन लिटर बाजूला काढीन, केशर-वेलचीचं. त्याचा डाव वेगळा, बरणीवर चिठ्ठी. तो डाव दुसरीकडे कुणी बुडवणार नाही याची खात्री मी देते. अजून कुणाच्या मुलांना असेल तर मला वेगळा मेसेज करा.

बी-६०४: काकू, आमचा चौविहार असतो, सूर्यास्तानंतर आम्ही काही घेत नाही. ओवाळणी बघायला, गाणी ऐकायला नक्की येऊ.

सी-४०३: भाभी, सध्या सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. मी घरी साडेचारलाच थोडं दूध आटवते. तुम्ही पाचला मैदानावर या, तुमची भेळही तेव्हाच, कांदा-बटाटा न घालता.

बी-६०४: 🙏 मग भेळेची चटणी मी करून आणते. खजूर-चिंचेची, सगळ्यांसाठी.

ए-३०३, खजिनदार: वर्गणी घरटी १५० रुपये, ऐच्छिक. मागे लागणार नाही. ज्याने दिली नाही त्यानेही यायचंच आहे. सोमवार-मंगळवारपर्यंत पूर्ण हिशोब इथेच टाकेन.

कप विकत घेत नाही. प्रत्येकाने घरून स्टीलचा पेला आणि भेळेसाठी वाटी-चमचा आणायचा. २०० कागदी कप म्हणजे दुसऱ्या दिवशी मैदानभर कचरा, आणि तो मावश्यांनी वेचायचा. पेल्याच्या तळाला फ्लॅट नंबरची चिकटपट्टी लावा.

सचिव, ए-२०४: कामं वाटते. "सगळ्यांनी मदतीला या" असं लिहिलं की कुणाला नेमकं काय करायचं ते कळत नाही आणि शेवटी तेच चार लोक राबतात. त्यामुळे एका कामाला एकच नाव. मदतीला माणसं त्यानेच गोळा करायची आणि त्या कामाचं त्यालाच विचारायचं.

दूध: सी-४०३. भेळ: सी-१०१. आवाज आणि वायरी: बी-३०२. खुर्च्या-चटया: बी-१०५. परवानगी आणि पोलीस ठाणं: ए-५०१. गाड्या: ए-३०३. मुलं: मी. आवराआवर: अजून कुणी नाही. हे काम जो घेईल त्याने आधीचं कुठलंच काम करायचं नाही, संध्याकाळभर आरामात बसायचं, म्हणजे साडेअकराला अंगात ताकद असेल.

सी-७०२: आवराआवर मी घेतो. माझ्याबरोबर आमच्या मजल्यावरची तीन पोरं.

ए-५०१: अजून एक विचारायचं होतं. कोजागिरीला घरातल्या थोरल्या अपत्याला ओवाळतात, आश्विनी करतात. बहुतेक घरांतून हे आता मागे पडलंय. मैदानावर सगळ्यांचं एकत्र करू या का? थोरलं म्हणजे लहान मूलच असं नाही. माझ्या आईची थोरली मुलगी आज ७८ वर्षांची आहे, सध्या माझ्याकडे राहायला आलीय. तिला कुणी ओवाळून किती वर्षं झाली असतील!

सचिव, ए-२०४: काका, नक्की. आठ वाजता. ज्यांची आई इथे नाही त्यांना मी ओवाळीन. वॉचमनदादांची थोरली मुलगीही येणार आहे.

गुरुवार

बी-३०२: आत्ताचा पाऊस बघितलात? परतीचा पाऊस अजून गेलेला नाही. रविवारी आला तर?

ए-५०१: पाऊस येणार असं धरूनच आखणी करू. निर्णय रविवारी दुपारी चार वाजता, तोही सचिवांनी एकट्याने घ्यायचा. ग्रुपवर मतं मागवली तर सात वाजेपर्यंत चर्चा चालेल.

आभाळ दाटलं असेल तर बी विंगचं स्टिल्ट पार्किंग. त्यासाठी तिथल्या गाड्या तीनपर्यंत बाहेर काढायच्या, ऊन असो वा पाऊस. भट्टी मात्र काही झालं तरी पार्किंगमध्ये लावायची नाही, आसपास गाड्या असतात. क्लबहाऊसच्या ओट्यावर, पत्र्याखाली लावू. सिलिंडर व्यावसायिक, १९ किलोचा. घरातला लाल सिलिंडर कार्यक्रमाला वापरायचा नसतो. शेगडीभोवती दोरी, दोरीच्या आत फक्त ढवळणारे. वाळूची बादली आणि लॉबीतला अग्निशामक शेजारी.

आणि गडगडायला लागलं तर गुलमोहराखाली कुणी उभं राहायचं नाही, मुलांना आधीच सांगून ठेवा. विजेचा इशारा देणारं 'दामिनी' ॲप फोनवर घ्या, आपल्या पुण्यातल्याच आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने केलेलं आहे.

बी-३०२: वायरी जमिनीवरून नेत नाही. झाडाला आणि खांबांना बांधून डोक्याच्या वर. जोड सगळे खोक्यात. लाइन घेतो ती क्लबहाऊसच्या ईएलसीबी (वीज गळली की लगेच प्रवाह तोडणारा स्विच) असलेल्या पॉइंटवरून. ओल्या गवतात मुलं अनवाणी पळणार, इथे हयगय नको.

सचिव, ए-२०४: डासांची फवारणी शनिवारी सकाळी करून घेते. रविवारी संध्याकाळी नको, उघडं अन्न असेल.

शनिवार

ए-५०१: परवानगी मिळाली. दहापर्यंत. प्रत नोटीस बोर्डावर लावली आहे.

सी-१०१: आवाज तपासला. खिडकी बंद केल्यावर आईला फक्त पुसट ऐकू येतं. ती म्हणाली, जुनी गाणी असतील तर खिडकी उघडी ठेव.

सी-४०३: दूध नक्की झालं. कोजागिरीला गणेश पेठेतल्या दूधभट्टीवर भाव चढतोच, आपल्या गवळ्यानेही लिटरला ८० सांगितले. घासाघीस केली नाही. माणूस चांगलं, निरसं दूध देतो आणि वेळेवर आणून देतो. मागे एका केटररने ऐन वेळी पावणेनऊला दूध आणलं होतं, तेव्हा अर्धी मुलं झोपून गेली होती.

रविवार

बी-१०५, सकाळी ८:१०: रात्री पाऊस झालाय. मैदानाच्या मधोमध चिखल आहे.

सी-७०२, ८:२५: खाली आलोय. वॉटरप्रूफिंगवाल्यांची बारीक कच पडली आहे, त्यांना विचारून चार घमेली पसरतो. खुर्च्या फरशीच्या बाजूला लावू, ज्येष्ठांसाठी तीच जागा बरी. चटया गवतावर, खाली ताडपत्री.

सचिव, दुपारी ४:००: आभाळ मोकळं आहे. मैदानावरच.

सी-१०१, ५:०५: भाभी आल्या. चटणी अप्रतिम. भेळ सुरू.

सी-४०३, ६:३०: दोन्ही भट्ट्या पेटल्या. पहिली जोडी ए-५०१ काका आणि वॉचमनदादा. पुढची जोडी ६:५० ला, कृपया उशीर नको, हात भरून येतात.

बी-३०२, ७:०५: मुलांची गाणी-गोष्टी आधी. उद्या शाळा आहे, लहानांना दूध साडेआठलाच देणार.

ए-३०३, ८:१५: ओवाळणी झाली. ए-५०१ काकांच्या ताईंना त्यांच्या भाचेसुनेने ओवाळलं, मागे पन्नास-साठ जण उभे होते. वॉचमनदादांची मुलगी त्यांच्याच शेजारी बसली होती, त्यांनी तिच्या हातात आपल्या ताटातली सुपारी ठेवली. फोटो उद्या टाकतो.

बी-३०२, ९:४६: माइक बंद. स्पीकर गुंडाळतोय.

सचिव, १०:००: दिवे घालवते. ज्यांचे पेले घरी राहिलेत त्यांनी आत्ताच आणा.

सोमवार

ए-३०३, खजिनदार: हिशोब. ७१ घरांची वर्गणी १०,६५० रुपये. खर्च: दूध ४० लिटर ३,२००, साखर-सुकामेवा-केशर-वेलची २,११०, भेळेचं सामान २,४००, ८० खुर्च्यांचं भाडं ९६०, शेगड्या-पातेली-सिलिंडर ९००. एकूण ९,५७०. शिल्लक १,०८०. पावत्यांचे फोटो खाली. शिल्लक उत्सव खात्यात ठेवू का?

बी-६०४: हो. पुढच्या वर्षी गच्ची मोकळी झाली तरी मैदानावरच करू.

ए-५०१: अनुमोदन. मी या सोसायटीत इतकी वर्षं राहतो, पण सी विंगमधल्या कित्येक जणांशी काल रात्री पहिल्यांदा बोललो. पावणेदहानंतरच.

सी-४०३: पुढच्या वेळी दूध ३६ लिटर पुरे. लहान मुलं अर्धाच पेला पितात. उरलेलं रात्री गेटवर आणि पलीकडच्या बांधकामावर राहणाऱ्या कुटुंबांना दिलं, वाया काही गेलं नाही. बिनसाखरेचं मात्र कमी पडलं, ते ७ लिटर हवं.

बी-१०५: काकू, मुलगा सकाळी विचारत होता, ते दूध आज परत मिळेल का.

सी-४०३: संध्याकाळी पाठव त्याला वर.

सी-७०२: मैदान साफ आहे, कचऱ्याच्या जेमतेम दोन पिशव्या निघाल्या. चिकटपट्टी निघून गेलेले पाच पेले आणि एक लाल वाटी क्लबहाऊसच्या ओट्यावर ठेवली आहे. बुधवारपर्यंत घेऊन जा.