आठवड्याचा स्वयंपाक झाला, पण उरलेल्या अर्ध्याचं काय करता?

रविवारी सकाळी दोन-तीन तास ओट्यापाशी उभं राहिलं की पुढच्या चार संध्याकाळी घरी आल्यावर जीव शांत असतो. एक ओलं वाटण, एक उसळ, चिरलेल्या भाज्या, भाजून ठेवलेला रवा. एवढं मला आता जमतं. अडतं ते त्यानंतर, कारण सामान आपल्या मापानं येत नाही. नारळ अख्खाच फोडावा लागतो आणि वाटणाला लागतो अर्धा. पनीर 200 ग्रॅमचं, भाजीत जातं त्यातलं निम्मं. कोथिंबिरीची जुडी स्वस्त मिळाली म्हणून दोन घेतो.

मागच्या महिन्यात छोले जास्त भिजले होते. सगळे शिजवून घेतले आणि उरलेले गरम असतानाच मोठ्या खोल डब्यात पाण्यासकट भरले, झाकण लावलं, फ्रीजमध्ये ठेवले. बुधवारी झाकण काढलं तर वर फेस आलेला आणि चमचा उचलल्यावर पाण्याला तार धरलेली. सगळे टाकले. शिजलेलं अन्न टाकताना फार वाईट वाटतं.

तुमच्या घरी काय टिकलं, काय वाया गेलं, दोन्ही सांगा. फसलेलं आधी सांगा, त्याचा उपयोग जास्त होतो.

रत्नागिरी

नारळाचं सांगते. डोळ्यांकडची वाटी आधी खोवायची, कारण ती आधी बुळबुळीत होते. दुसरीला सासूबाई आतून मीठ चोळून ठेवायच्या, त्यावर दोन दिवस निघायचे. मी आता वाटी ठेवतच नाही. नारळ फोडला की दोन्ही वाट्या एका बैठकीत खोवून घेते. चव, म्हणजे खोवलेलं खोबरं, ताटात पातळ पसरून तासभर फ्रीजरमध्ये ठेवते आणि मगच पिशवीत भरते. असं केलं की चव सुटी राहते, मूठभर लागली तर मूठभरच निघते. पूर्वी डब्यात दाबून भरायचे, त्याचा दगड व्हायचा. मग अख्खा डबा बाहेर काढा, थोडं खरवडा, परत आत ठेवा. या आत-बाहेरच्या खेपांनीच त्याला वास लागायचा. आमटी, उसळ, वाटण, सगळ्याला गोठवलेली चव चालते. पोह्यांवर पेरायला मात्र ताजाच नारळ हवा.

आमच्याकडे पावसाळ्यात वीज गेली की दिवसदिवस येत नाही. फ्रीजर गच्च भरलेला असेल आणि दार उघडलं नाही तर साधारण 48 तास गारवा धरतो, अर्धा रिकामा असेल तर 24. म्हणून मेअखेरीस रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या लावते. काठोकाठ भरायच्या नाहीत, बर्फ फुगतो.

पुणे

मी घरून 35 डबे देते, त्यामुळे उरलेल्या जिनसांशी रोजचीच गाठ आहे. ताई, तुमचे छोले फ्रीजमध्ये ठेवूनही गेले ते खोल डब्यामुळे. मोठा डबा बाहेरून गार लागतो, पण मधोमध कित्येक तास कोमट राहतो, आणि नासायला तेवढं पुरतं. परातीत पसरा, पंख्याखाली ठेवा. वाफ गेली की उथळ डब्यांत, दोन बोटं उंचीपर्यंतच भरा आणि उतरवल्यापासून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जाऊ द्या.

भाताच्या बाबतीत तर मी कुणाचंच ऐकत नाही. भातात एका जिवाणूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत. भात ओट्यावर कोमट राहिला की ते वाढतात आणि त्यांनी केलेलं विष पुन्हा गरम करून जात नाही. सकाळी फोडणीचा भात करायचा असेल तर रात्रीच पसरून, गार करून आत ठेवायचा. पातेल्यात तसाच राहिलेला भात मी मुलांना देत नाही.

आलं-लसणाच्या वाटणावर तेल ओतून बरणी बाहेर ठेवणाऱ्यांना हात जोडून सांगते, नका ठेवू. तेलाखाली हवा पोचत नाही आणि लसणाबरोबर मातीतून आलेले घातक जिवाणू नेमके तशाच जागी वाढतात. वास बदलत नाही, चव बदलत नाही, काही कळत नाही. फ्रीजमध्ये चार दिवसांपुरतं ठेवा, बाकीचं बर्फाच्या ट्रेमध्ये लावा. एक खण म्हणजे एका भाजीचं वाटण. नुसतं हिरवट पडलं म्हणून मात्र टाकू नका, तो लसणाचाच गुण आहे.

आणि प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी लावून तारीख घाला. जिन्नस डोळ्यांना दिसतो, तारीख दिसत नाही.

सोलापूर

शेंगदाणे. आमच्या घरात कुटाशिवाय पान हलत नाही, म्हणून उन्हाळ्यात पाच किलो भरतो. एका श्रावणात डबा उपसला तर वरचे दाणे लख्ख, आणि तळाशी सातआठ दाण्यांवर हिरवी बुरशी. आई म्हणाली, निवडून बाकीचे खमंग भाजून घे. आयुष्यभर तिनं तेच केलं होतं आणि मला तिला दुखवायचं नव्हतं. पण शेंगदाण्याच्या बुरशीत अफ्लाटॉक्सिन असू शकतं, ते यकृतावर जातं, भाजून नष्ट होत नाही आणि बुरशी दिसते त्या दाण्यापुरतंच राहतं असंही नाही. तिच्या शेजारी बसून हे समजावलं आणि उरलेले तीन किलो टाकले. ती बराच वेळ गप्प होती.

चूक माझीच होती. उन्हातून काढलेले दाणे गरम असतानाच डब्यात ओतले, आत घाम धरला. आता ऊन दिल्यावर रात्रभर पंचावर निवू देतो. एक किलो बाहेर, बाकी हवाबंद पिशव्यांतून फ्रीजमध्ये. भाजतो आठवड्यापुरतेच, भाजलेला दाणा आणि कूट लवकर खवट होतं.

तूरडाळीला एरंडेलाचा हात अजून आईच लावते. ती डाळ वर्षभर किडत नाही. तांदळाला पूर्वी बोरिक पावडर लावायचो, ते विषारी आहे म्हणून बंद केलं.

निफाड

कांदा जास्त घेणार असाल तर उन्हाळ घ्या. लाल कांदा पाण्याचा असतो, तो साठवणुकीचा नाही. पिशवीतून काढून जमिनीवर किंवा टोपलीत पसरा, वारं लागलं पाहिजे. बटाटे त्याच टोपलीत घालू नका, दोन्ही लवकर खराब होतात. एक सडका कांदा शेजारच्या चारांना घेऊन जातो, म्हणून आठ दिवसांतून एकदा हात फिरवा.

म्युनिक

इथे मोड आलेली मटकी विकत मिळत नाही, म्हणून एकदम एक किलो भिजवते. मोड बोटाच्या पेरापेक्षा कमी असतानाच एक वाफ देते, कापडावर कोरडी करते आणि वाटी-वाटीच्या पिशव्या करून फ्रीजरमध्ये टाकते. न वितळवता थेट फोडणीत जाते. उकडलेले बटाटे असेच ठेवायला गेले होते. पाणी सुटून भुसा झाला, ते नका करू.

मडगाव

पावसाळ्याआधी सुकी मासळी, आमसुलं, मिरच्या भरून ठेवायच्या, त्याला आमच्याकडे पुरुमेंत म्हणतात. आई मोठ्या बरणीला रोज हात लावू द्यायची नाही. आठवड्याचं लहान बरणीत काढायचं, मोठी लगेच बंद. हवा आणि ओला चमचा, दोन्हीपासून जपायचं. माझ्या मसाल्यांना मी आजही तोच नियम लावते.

पुन्हा मी, पहिलीच

सगळ्यांची मनापासून आभारी आहे. या रविवारी छोले परातीत पसरले, चार उथळ डबे केले, चिकटपट्टीवर तारीख घातली. आज बुधवार. शेवटचा डबा उघडला तर पाणी स्वच्छ आणि दाणा अखंड. दोन जुड्या कोथिंबीर न धुता, मुळं कापून, पंचात गुंडाळून ठेवली आहे, अजून ताठ आहे. पनीरचं मात्र कुणीच सांगितलं नाही.

नागपूर

पनीर पाण्यात बुडवून ठेवा, पाणी रोज बदला, तीन दिवसांत संपवा. त्यापुढे न्यायचं तर तुकडे करून गोठवा, पण मग ते भुसभुशीत होतं. त्याची भुर्जी करा किंवा पराठ्यात भरा, रश्श्यात घालू नका.