मदत हवी आहे: खुळखुळ्याच्या शेंगांतली अळी आणि पावसाची ओढ

नमस्कार मंडळी. साताऱ्यात बीएस्सीच्या मुलांना वनस्पतीशास्त्र शिकवतो. यंदा प्रोजेक्टला रानातला खुळखुळा (क्रोटालारिया, शेंगा धरणारी रानवनस्पती) घेतलाय. कास पठारावर परवानगीशिवाय फूलही तोडता येत नाही (आणि ते बरंच आहे), म्हणून माण तालुक्यातला एक कोरडा माळ आणि शहराजवळचा ओलसर बांध धरलाय.

शेंग उकलली की कुठे टपोरं बी, कुठे सुरकुतलेलं पोचट, तर कुठे नुसती टरफलं आणि अळीची काळी विष्ठा. काही अळ्या युटेथेइसा पतंगाच्या वाटतात. खुळखुळ्यातलं विष अंगात साठवून स्वतःच्या बचावाला वापरणारा हा पतंग. पोरं त्यावर जाम खूश आहेत.

अडलंय इथे: पाऊस ओढला की झाड मुळातच बी कमी धरतं. मग अळी त्यातला मोठा वाटा खाते, की शेंगाच विरळ म्हणून मादी तिकडे फिरकत नाही? कारवीचं समजतं, सात-आठ वर्षांनी एकदम बी धरून खाणाऱ्यांना पुरून उरते. दरवर्षी फुलणाऱ्याने काय करायचं?

पतंगाला अंडी घालू द्यायची नाहीत म्हणून मलमलची पिशवी कळीला बांधली तर मधमाशी अडते, उशिरा बांधली तर अंडी आधीच घातलेली. तुम्ही नेमकी कधी बांधता? आणि पोचट बी पाण्याअभावी की अळीमुळे, हे कसं ओळखता?

बांधाशेजारी उसाआधी हिरवळीच्या खतासाठी ताग पेरलाय, तोही खुळखुळ्याचाच भाऊबंद. फुलोऱ्यात गाडला की तिथली कीड बांधावर सरकेल का? शेतकरी मंडळींनी जरूर सांगा.