दिवसा दिसतं, सांजेला दिसत नाही : 9 वर्षांच्या मुलासाठी मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो, कापूस-तुरीचं वावर आहे. धाकटा चौथीत आहे. दिवाळीनंतर नागपूरला दाखवलं, तेव्हा रेटिनायटिस पिगमेंटोसा, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा आनुवंशिक आजार, निघाला. डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं, लग्न नात्यातलं का? माझी सासू म्हणजे माझी सख्खी आत्या. त्या दिवसापासून ती बिचारी गप्प असते.

खरी अडचण अशी की त्याला दिवसा समोरचं चांगलं दिसतं. शाळेत तपासणीचं पथक आलं तेव्हा तक्त्यावरची अक्षरं त्यानं घडाघडा वाचली. त्यामुळे तो सांजेला बादलीला अडखळला, बाजेवर आपटला, की त्याचे बाबासुद्धा म्हणायचे, "पोट्टं नाटक करते." मीही एकदा हात उगारला होता. ते आठवलं की अजून जीव कळवळतो.

उन्हातून घरात आला की तो उंबरठ्यावरच उभा राहतो. आम्हाला वाटायचं आळस. आता कळलं, त्याच्या डोळ्यांना अंधाराशी जुळवून घ्यायला फार वेळ लागतो. पावसाळ्यात झड लागली की वर्गाच्या खिडक्या बंद करतात आणि त्याचं वाचन थांबतं. खोडरबर पायाशी पडला तरी सापडत नाही, कारण बाजूचं आणि खालचं दिसतच नाही. जेवताना लाइन गेली की हात ताटातच धरून बसतो. रात्री संडासला जायला मला उठवायची लाज वाटते, म्हणून सांजेपासून पाणीच पीत नाही. हे मला परवा मोठ्या पोरीनं सांगितलं.

तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन पोरांबरोबर गेला होता. परतताना अंधार पडला, पोरं पुढे निघून आली आणि हा नालीत पडला. बैलाचं शिंग मोडलं. तेव्हापासून दिवेलागणीला कोणी हाक मारली तर "अभ्यास आहे" म्हणतो.

शेजारीपाजारी गाजर, कलेजी खाऊ घाला म्हणतात. आत्या संत गुलाबराव महाराजांचं उदाहरण देते, नवव्या महिन्यात दृष्टी गेली तरी केवढे ग्रंथ रचले. तिच्या बोलण्यानं धीर येतो. पण मला आधी हे हवंय की पोरानं सांजेला अंगणात खेळावं.

विचारायचं ते असं. पुढल्या वर्षी पाचवीची शाळा 3 किलोमीटरवर आहे, हिवाळ्यात परत येता येता अंधार होतो. गावातच ठेवू की अंध विद्यालयाच्या वसतिगृहात? प्रमाणपत्राला गेलो तर "शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो, मग कसलं अपंगत्व?" म्हणून परत पाठवलं. आणि घरात काय बदल करू?

प्रतिसाद (विशेष शिक्षक, वर्धा जिल्हा)

ताई, पोरगं नाटक करत नाही, हे सगळ्यात आधी त्याच्या बाबांनी त्याला स्वतः सांगावं.

प्रमाणपत्रासाठी पुन्हा जा आणि दृष्टिक्षेत्राची, म्हणजे समोर बघताना आजूबाजूचं किती दिसतं त्याची, तपासणी मागा, तिला फील्ड टेस्ट म्हणतात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अल्पदृष्टी फक्त अक्षरं वाचण्यावर ठरत नाही. क्षेत्र 40 अंशांहून कमी आणि 10 अंशांपर्यंत असेल तर ती अल्पदृष्टी, 10 च्या आत असेल तर अंधत्व. नागपूरचे कागद सोबत ठेवा. अपंगत्व 40 टक्के किंवा जास्त निघालं तर 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा तुम्ही निवडाल त्या विशेष शाळेत. घाईनं वसतिगृहात टाकू नका. पंचायत समितीत समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना भेटा, प्रवासभत्त्याचंही विचारा.

गाजरानं हा आजार जात नाही. अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या मनानं देऊ नका, जास्त झालं तर यकृताला त्रास होतो.

घरात बादली, बाज, चपला यांची जागा ठरवून टाका आणि कोणालाही हलवू देऊ नका. पायरीच्या काठाला चुन्याचा पांढरा पट्टा मारा. बाजेपासून संडासपर्यंत दोरी बांधा, गळ्यात बॅटरी द्या. वर्गात खिडकीजवळची जागा मागा. पांढरी काठी आत्ताच शिकवा, थोडंफार दिसतं त्यांनाही ती लागते.

धागाकर्ती

सर, दोरी आजच बांधली. त्यानं डोळे मिटून दोन चकरा मारल्या आणि ताईलाही मारायला लावल्या. बाबा रात्री त्याच्याजवळ बराच वेळ बसले होते, काय बोलले ते मी विचारलं नाही. सोमवारी तपासणीला निघतो. त्याला उपाशीपोटी न्यावं लागतं का?