आधी दंड भरू नका, फोटो बघा

सिग्नल तोडल्याचं कॅमेऱ्याचं चलन चुकीचं आलंय असं वाटलं तर काय करायचं, यावर कुणीतरी ‘आधी दंडाचे पाचशे भरून टाका, मग तक्रार करा’ असा सल्ला दिलाय, तो अगदी उलटा आहे. दंड भरला की तडजोड झाली, प्रकरण मिटलं. मग भांडायला काही उरत नाही.

महाट्रॅफिकच्या (महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलन) साइटवर चलन उघडून फोटो मोठा करून बघा. सिग्नल तोडल्याचं सिद्ध व्हायला लाल दिवा आणि थांबारेषेआधी असलेली गाडी एकत्र दिसायला हवी, मग गाडी पुढे गेलेली. गाडी चौकाच्या मधोमध आणि दिवा लाल, एवढ्या एकाच फोटोवरून काही ठरत नाही. पिवळ्यावर रेषा ओलांडली असेल तरी चित्र तसंच दिसतं. डावीकडे किंवा उजवीकडे वळायला वेगळा बाण असेल तर कॅमेऱ्यात कोणता दिवा आलाय तेही पाहा.

नंबर तुमचा पण गाडी भलतीच, हा प्रकार त्यातल्या त्यात सोपा. आरसीची (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्राची) प्रत, गाडीचे पुढून-मागून फोटो जोडून त्याच साइटवर ग्रीव्हन्स म्हणजे तक्रार टाका. नंबरप्लेट बनावट वाटली तर पोलिसांतही लेखी तक्रार द्या, नाहीतर चलनं येतच राहतील.

कॅमेऱ्याच्या चलनाला केंद्रीय मोटार वाहन नियम १६७ए लागू आहे: नोटीस १५ दिवसांत निघायला हवी, कॅमेऱ्याला मान्यता प्रमाणपत्र हवं. तक्रार फेटाळली तर कोर्टात हेच मुद्दे मांडा. लोकअदालतीत मात्र तडजोड होते, निर्दोष ठरवणं नव्हे.